आठ व्हॉल्व्ह आणि घरचं सूत

माझं काम काय, असं पाहुण्यांपैकी कोणी विचारलं की मी नुसतं "कारखान्यात जाते" म्हणते आणि आत जाऊन चहा टाकते. नीट सांगायला गेलं तर लोक हसतील. एक रेघ हलते की नाही हे बघत बसायचं, हे माझं काम आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत पत्र्याच्या छपराचं एक वर्कशॉप आहे. तिथं हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह बनतात. मशीनवरची माणसं लोखंड कापतात, भोकं पाडतात, आणि शेवटी ते सगळं मागच्या खिडकीपाशी माझ्या टेबलावर येतं. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड आहे. त्याची पानं इतकी बारीक की वारा नसला तरी हलतात. टेबलाशेजारी एक सिलिंडर उभा केलेला आहे, माझ्या कमरेएवढा, आणि त्याच्या रॉडवर लोखंडी वजनं रचलेली. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बुडाशी बसवायचा, पंपानं तेल सोडायचं, की रॉड वजनासकट वर जातो. मग पंप बंद करायचा. रॉडला पांढरी चिकटपट्टी लावलेली असते, तिच्यावर बाजूला पक्क्या बसवलेल्या काट्याच्या बरोबर समोर पेन्सिलीनं एक रेघ मारायची आणि अर्धा तास बसायचं. रेघ काट्यासमोर राहिली तर व्हॉल्व्ह पास. खाली आली तर परत खोलायचा.

न हलणाऱ्या गोष्टीकडे बघत राहिलं की बाकीचं सगळं हलायला लागतं. उजेड टेबलावरून सरकतो. तेलाच्या थेंबात शेवगा उलटा दिसतो आणि थेंबाबरोबर थरथरतो. लहानपणी मी मळ्यातल्या पाटात पाय सोडून बसायचे, तेव्हा पाणी चाललंय की मी चालले आहे ते कळायचं नाही. तसंच होतं. वजन थांबलेलं असतं आणि मीच खुर्चीसकट अलगद वर चालले आहे असं वाटतं. आई दिसते, तिचा ओला पदर दिसतो, कधीच न बघितलेली गावं दिसतात. पण डोळा रेघेवर असतो. तो तिथून हलत नाही.

वडगावात आमच्या घरी पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम आहेत. मालक चालवतात. म्हणजे माझे मालक, घरचे. कारखान्याचे मालक वेगळे, त्यांना मी साहेब म्हणते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून कानात मागाचा खडखडाट आहे. घरात बोलायचं तर ओरडावं लागतं आणि मला ओरडता येत नाही. त्यामुळं हळूहळू मी बोलणंच सोडलं. शेजारणी म्हणायच्या, लई शांत हाय बाई. पहिल्यांदा या खिडकीपाशी बसले तेव्हा कानात इतकी शांतता आली की मला रडू आलं. पुढं मशिनी चालतात, पण मधे भिंत आहे. त्या दिवशी मी मनात म्हटलं, ही जागा जाऊ देऊ नको देवा.

काम मला आप्पांनी शिकवलं. आप्पा आमचे म्हातारे फिटर. मी त्यांच्या मुलीएवढी असूनही ते मला आक्का म्हणतात. घरी कानडी बोलतात, माझ्याशी मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी एक व्हॉल्व्ह खोलून तळहातावर मांडला. एक लोखंडी ठोकळा, त्यात शंकूसारख्या टोकाचा एक छोटा खुंट आणि त्याच्यामागं स्प्रिंग.

"ह्ये दार हाय आक्का," खुंटाकडं बोट करून ते म्हणाले. "तेल आत जाताना दार उघडतंय. तेल मागं यायला बघतंय, की दार बंद. वर ओझं असतंय न्हवं, त्येच ओझं तेलाला दाबतंय आणि तेल दाराला दाबतंय. जितकं ओझं जास्त, तितकं दार घट्ट. नळी फुटू दे, पंप बंद पडू दे, करंट जाऊ दे. वरचं वरच ऱ्हातंय."

मी मान हलवली.

"मग खाली कसं घ्यायचं, इचार की!"

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "पलीकडच्या अंगानं एक बारीक वाट असतीया. तिकडनं थोडं तेल आलं की ह्यो बारका दट्ट्या दाराला आतनं ढकलतोय. त्याला पायलट म्हणायचं. तेवढं मिळालं तरच दार उघडणार. नुसतं वरनं दाबून मेलास तरी न्हाय."

ओझ्यानंच दार घट्ट होतं, हे ऐकून मला बरं वाटलं. का ते तेव्हा कळलं नाही.

खुंटाचं टोक आणि ते जिथं बसतं ती कड मी पेस्ट लावून हातानं घासते. बोटांत धरून फिरवायचं, उचलायचं, परत फिरवायचं. टोकावर एक करडं कडं उमटतं, केसाएवढं बारीक. भिंगातून बघायचं, ते कुठं तुटलेलं नको. तिथं केस आडवा आला तरी दार लागत नाही, मग तेल थेंबाथेंबानं वाट काढतं आणि वरचं ओझं उतरायला लागतं.

एक गोष्ट मला कोणी शिकवली नाही, बघून बघून कळली. पंपातून आलेलं तेल ऊन असतं. थांबलं की ते गार होतं आणि आकसतं. मग चांगल्या व्हॉल्व्हचीसुद्धा रेघ किंचित, नखाच्या कडेएवढी उतरते. नवा माणूस म्हणेल गळतंय. पण गारठ्याचं उतरणं थांबतं आणि गळतीचं थांबत नाही. हा फरक डोळ्याला आधी कळत नाही, पोटाला कळतो. आप्पांना एकदा भीत भीत हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मला तीस वर्सं लागली समजायला. तुला कुणी सांगिटलं गं?" त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

आता चुकीकडं येते.

व्हॉल्व्ह पास झाला की तो काढून आतलं तेल निथळायचं, तेल यायच्या-जायच्या तोंडांची कड पुसायची आणि तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावायची. पुसायला साहेब एक पांढरं, घट्ट विणीचं कापड आणतात. मागच्या हिवाळ्यात एकदा ते संपलं. साहेब गावाला गेलेले. तीन दिवस कापड नव्हतं आणि ऑर्डर थांबलेली. आमच्या घरी मागाखाली तुटलेल्या धाग्यांचे गुंते साठतात. त्या महिन्यात मागावर डाळिंबी रंगाच्या साड्या होत्या, शहापूरच्या एका व्यापाऱ्याच्या. धागा रेशमासारखा मऊ. बाळाचं अंग पुसावं असा मऊ. मला वाटलं, या कापडापेक्षा आपलं सूत चांगलं. पिशवीत भरून नेलं. कोणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता, की आपल्या घरचं काहीतरी इथं उपयोगाला आलं.

त्या तीन दिवसांत आठ व्हॉल्व्ह पास झाले. आठही मी त्या सुतानं पुसले, टोपणं लावली, खोक्यात ठेवले.

दोन निपाणीला गेले, तंबाखूच्या एका गोदामात. दोन खानापूरला, लाकडाच्या वखारीत. चार आमच्याच फळीवर राहिले.

महिनाभरानं निपाणीहून फोन आला. साहेब बाहेर येऊन आप्पांना म्हणाले, "निपाणीचं प्लॅटफॉर्म एका बाजूनं उतरतंय म्हणे. चला." मग माझ्याकडं बघितलं. "तूही चल. रेघ तुलाच कळते."

मी कधी साहेबांच्या व्हॅनमध्ये बसले नव्हते. मागं हत्यारांच्या पिशवीशेजारी बसले. हायवेच्या दोन्ही बाजूंनी ऊस पळत होता. काचेवर डोकं टेकलं की डोक्यात गाडीची बारीक थरथर उतरायची. मी स्वतःशी म्हणत होते, घासण्यात चूक नाही, कडं मी भिंगातून बघितलंय. सुताचा विचार मनात आला नाही. एकदाही नाही.

गोदामाचं दार उघडलं आणि आम्ही तिघंही शिंकलो. तंबाखूचा वास डोळ्यांत, घशात, केसांत. वरच्या झरोक्यांतून उन्हाच्या फळ्या पडलेल्या आणि त्यांत पिवळी धूळ इतकी सावकाश तरंगत होती की पाण्याच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. पोती माळ्यावर चढवायला तिथं लोखंडी प्लॅटफॉर्म होतं. त्याच्या दोन बाजूंना दोन सिलिंडर, प्रत्येकाच्या बुडाशी आमचा एक व्हॉल्व्ह.

एक हमाल पुढं आला. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, पापडासारखा चपटा.

"जेवायच्या सुट्टीत हितं खाली ठेवलता," तो म्हणाला. "पोती भरून प्लॅटफॉर्म वर थांबवलेलं. हात धुऊन येतोय तर अशी भाकरी झालीया बघा. लोखंडासकट."

"भाकरी तर झाली," दुसरा हमाल म्हणाला. "चटणी घातली न्हाईस का?"

"तू गप रं. डब्याच्या जागी मी झोपलो असतो तर? रोज झोपतोयच की सावलीला."

साहेबांनी डबा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि खाली ठेवला.

प्लॅटफॉर्मवर थोडी पोती ठेवून वर घेतलं. हमालांना साहेबांनी लांब बसवलं. मी दोन्ही रॉडला चिकटपट्टी लावली, रेघा मारल्या आणि एका पोत्यावर बसले. एवढे पुरुष माझ्याकडं बघत होते, पण रेघ समोर असली की मला कोणी दिसत नाही. उजवी रेघ जराशी उतरली आणि थांबली. गारठ्याचं उतरणं. डावी उतरली. मग आणखी उतरली. धूळ तरंगत होती, कुठंतरी कबुतर घुमत होतं, आणि ती रेघ कलत्या उन्हासारखी खाली येत होती, डोळ्याला न दिसता. ही गळती होती. मी आप्पांकडं बघून मान हलवली.

प्लॅटफॉर्म जमिनीवर टेकवून, दाब सोडून आप्पांनी डावा व्हॉल्व्ह खोलला. खुंट बाहेर काढून माझ्या हातात दिला. मी भिंग लावलं. करड्या कड्यावर आडवा, चपटा झालेला एक धागा होता. पापणीच्या केसाएवढा. तेलात भिजलेला, तरी डाळिंबी.

मी भिंग पुसून परत बघितलं.

साहेबांनी वाकून बघितलं आणि ते एकदम सरळ झाले. गोदामाच्या मुकादमाला म्हणाले, "बघा! धागा. तुमच्या पोत्यांचाच असणार. टाकीचं झाकण उघडं ठेवता, घाण तेलात जाते. आमचा व्हॉल्व्ह काय करणार?"

मुकादम बिचारा ओशाळला. "असंल बाबा. पोती शिवतोय आम्ही हितंच."

झालं होतं. एवढ्यावर मिटलं असतं. आप्पा रॉकेलमध्ये खुंट धुवायला लागले होते. मी उभी होते. माझ्या छातीत ते सगळं दाबत होतं आणि दाबेल तितकं तोंड घट्ट मिटत होतं. मला फळीवरचे चार दिसले. ते राहू देत. पण खानापूरचे दोन? तिथं कुठल्या भोकात, कुठल्या वळणावर माझ्या मागाचा धागा चिकटून बसला असेल, आणि कुठल्या दिवशी तेल त्याला दारापर्यंत आणील? पास झालेल्या व्हॉल्व्हमध्ये तो नंतर गेलेला. माझ्या अर्ध्या तासाला तो दिसलाच नव्हता.

त्या हमालानं चपटा डबा पायानं सरकवला. त्याचा आवाज आला आणि मी बोलले.

"त्यो धागा माझा हाय."

कोणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं. "पोत्याचा न्हाय. माझ्या घरचा हाय. मी पुसले आमच्या मागावरच्या सुतानं. आठ व्हॉल्व्ह पुसले."

मुकादमानं साहेबांकडं बघितलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. आप्पा खाली बघून खुंट धूतच राहिले. तो हमाल तेवढा म्हणाला, "बाई खरं बोलतीया. डबा कोण देणार आता?" आणि साहेब म्हणाले, "मी देतो बाबा, मी देतो."

दोन्ही व्हॉल्व्ह धुऊन, वाऱ्यानं फुंकून परत बसवले. मी परत अर्धा तास बसले. दोन्ही रेघा थांबल्या.

येताना बेळगाव दिसायला लागलं तेव्हा साहेब समोर बघत म्हणाले, "चार वर्षं झाली तुला कामाला लागून. तुझा आवाज आज ऐकला. आणि ऐकला तो हा असा."

मी पदर तोंडाला लावून बसले. मनात म्हटलं, गेली खिडकी.

वर्कशॉपमध्ये आल्या आल्या आप्पांनी फळीवरचे चारही खोलले. पांढऱ्या ताटलीत रॉकेल ओतून एकेक ठोकळा त्यात धुतला आणि प्रत्येक भोकातून वारा मारला. तीन कोरे निघाले. चौथ्यातून एक धागा ताटलीत येऊन तरंगला, कानाच्या बाळीसारखा गोल.

साहेबांनी वाकून ताटलीत बघितलं. "खानापूरचं चालू आहे ना?" ते म्हणाले. "तक्रार नाही त्यांची. आपण होऊन जायचं आणि सांगायचं की आम्ही घाण घालून दिली? निपाणीला झालं तेवढं बस झालं."

आप्पा हात पुसत राहिले. माझ्याकडं न बघता, पण मला कळेल असं ते थांबले होते.

"साहेब," मी म्हटलं. पुढं शब्द येईनात. मग म्हटलं, "झोप लागणार न्हाय मला."

"तुला?"

"व्हय. तुमास्नी पण."

आप्पा खोकल्यासारखं हसले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "उद्या दोघं जावा. पण तिथं बोलायचं ते तू बोलायचंस. मी फोन करणार नाही."

घरी आले तेव्हा मालक माग थांबवून धागा जोडत होते. मी सगळं सांगितलं. माग बंद होता म्हणून सांगता आलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आपलं सूत इतकं वाईट हाय व्हय?"

"सूत चांगलं हाय वो. जागा चुकली."

"नोकरी ऱ्हाती का?"

"ठाऊक न्हाय."

त्यांनी धागा जोडला, दातानं तोडला. "सकाळी डबा जास्त घे," म्हणाले. "खानापुरात जेवायची पंचाईत हुतीया." आणि माग सुरू केला.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या स्कूटरवर मागं बसले, मधे हत्यारांची पिशवी. खानापूर जवळ आलं तशी झाडं दाट होत गेली. भात कापून झालेलं, रानात नुसते पिवळे बुडखे, आणि त्यांच्यावर धुकं असं पसरलेलं की शेतं पातळ दुधाखाली ठेवल्यासारखी. गार हवा तोंडावर येत होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. नमस्कार अण्णा, आम्ही बेळगावहून आलो. नमस्कार अण्णा, व्हॉल्व्ह बघायचे होते. प्रत्येक वळणावर वाक्य मोडायचं आणि मी परत पहिल्यापासून जुळवायचे.

वखारीत करवत चालू होती. ओंडके करवतीच्या उंचीला आणायला एक लोखंडी टेबल होतं, कात्रीसारख्या पायांचं, खाली दोन सिलिंडर. टेबल वर उचललेलं होतं आणि त्याच्यावर सागाचा एक ओंडका, दोन माणसांच्या मिठीत न मावणारा. वखारीचे अण्णा खुर्चीवर बसून पान लावत होते.

आप्पांनी मला पुढं केलं. मी म्हटलं, "नमस्कार अण्णा. व्हॉल्व्ह खोलायचे हुते."

"का?"

"बघायचे हुते."

"बघा की. हितनं दिसतायत." ते हसले. "चाललंय की झकास! इंचभर हलत न्हाय. कशाला खोलताय? चालत्या गाडीला खीळ घालायला बेळगावास्नं आलासा व्हय?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मुद्दाम करवतीकडं बघितलं.

तेवढ्यात मला ते दिसलं. टेबलाखाली एक बाई होती. आधी नुसते पाय दिसले, पैंजण आणि भुश्यानं माखलेल्या टाचा. ती वाकून आत शिरली होती आणि साल, भुसा झाडूनं बाहेर ओढत होती. तिच्या पाठीच्या वर वीतभर जागा, मग लोखंड, मग तो ओंडका. ती काहीतरी गुणगुणत होती. करवतीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, पण ओठ हलत होते. सगळं एकदम लांब गेलं, पाण्याखाली गेल्यासारखं. फक्त ती पाठ उरली.

"त्या बाईला भाईर घ्या," मी म्हटलं.

"काय?"

करवत खरखरत होती. मला ओरडता येत नाही. मी ओरडले. "पयलं त्या बाईला भाईर घ्या! माझी चूक झालीया! व्हॉल्व्हात धागा असंल, दार लागणार न्हाय, ती खाली हाय!"

करवत थांबली. कोणी थांबवली मला माहीत नाही. ती बाई झाडू हातात घेऊन वाकलेलीच बाहेर आली आणि कोण कोणाला ओरडलं म्हणून इकडंतिकडं बघायला लागली. अण्णांच्या हातातलं पान तसंच राहिलं. मी तिथंच भुश्यात बसले आणि निपाणीचं सगळं सांगितलं. डबा, धागा, ताटलीतली बाळी. थांबत थांबत, पण सगळं.

अण्णांनी चुन्याचं बोट पुसलं. मग गड्यांना म्हणाले, "ओंडका उतरवा रं."

टेबल रिकामं केलं, वर घेतलं, चारी बाजूंना लाकडाचे जाड टेकू दिले, टेबल त्यांच्यावर टेकवलं. दाब सोडला. मगच आप्पा खाली गेले. दोन्ही व्हॉल्व्ह काढून त्यांनी माझ्या मांडीवरच्या ताटात ठेवले, आणि मी खोलले. एकेक भाग धुतला. भोकांतून वारा मारला, एकदा, दोनदा, पाच वेळा. ताटात रॉकेल स्वच्छ. भिंगातून कडी बघितली. करडी, अखंड, दोन बारीक अंगठ्यांसारखी. उलटं करून बघितलं, उन्हात धरून बघितलं. काहीच नव्हतं.

गडी भोवती जमलेले. एकजण म्हणाला, "एवढ्या लांबनं येऊन काय घावलं?"

आप्पा हात पुसत म्हणाले, "आक्काची झोप घावली."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण मग त्या झाडूवालीकडं वळले. "टेबल वर असताना खाली जायचं न्हाय हितनं म्होरं," तिला म्हणाले. "टेकू लावल्याबिगर न्हाय. कळलं का?"

"मग भुसा कोण काढंल?" ती म्हणाली. "तुमी?"

"टेकू लावून काढ म्हणालो मी. तोंड लई चालतंय तुझं."

व्हॉल्व्ह बसवले. टेकू काढले. ओंडका परत टेबलावर आला आणि टेबल वर गेलं. मी दोन्ही रॉडला चिकटपट्टी लावली, रेघा मारल्या, ओंडक्याच्या एका बुडख्यावर बसले. उन्हात भुश्याचे कण सोन्यासारखे फिरत होते. कच्च्या सागाचा वास होता. दोन्ही रेघा नखाच्या कडेएवढ्या उतरल्या, गारठल्या आणि थांबल्या. मला डुलकी येत होती आणि डोळे उघडे होते.

ती बाई येऊन माझ्या शेजारी बसली. बराच वेळ माझ्याबरोबर रेघेकडं बघत राहिली. तिनं विचारलं, "ह्याचा पगार मिळतोय?"

"व्हय."

"नुसतं बघायचा?"

"व्हय."

"मला लावा की कामाला," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी माझा डबा उघडला. मालकांनी सांगितलं होतं म्हणून चार भाकऱ्या जास्त होत्या. एक तिला दिली. अर्धा तास झाला तेव्हा मी उठले, चिकटपट्टी सोलून काढली. अण्णांनी गड्याला हाक मारली, गड्यानं टेकू आणून चारी कोपऱ्यांत ठोकले. तिनं भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात घातला, झाडू उचलला आणि पदर खोचून ओंडक्याखाली शिरली.